भूषणचा वाटा

मी, योगेंद्र वना पाटील, वय ६७, वरणगावच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेला टर्नर, राहणार पिंप्राळा, जळगाव, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने लिहून ठेवतो. फुप्फुसं निकामी होत आली आहेत, डॉक्टरांनी दिवाळीपलीकडचं काही सांगितलेलं नाही. डोकं मात्र ठिकाणावर आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलून लिहून घेतलेलं नाही. यापूर्वी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. पिंप्राळ्याचं राहतं घर, बँकेतल्या ठेवी आणि घरातलं सगळं सामान पत्नी सौ. सुलक्षणा हिला. आम्हाला मूलबाळ नाही. तिने चौदा वर्षं माझ्याशी कामापुरतंच बोलून संसार केला, त्याचं कारण कलम ३ मध्ये आहे.

२. माझा मायक्रोमीटर, व्हर्नियर आणि लेथची हत्यारं माझा सहकारी बादल याची मुलगी हेमलता हिला. ती आयटीआयमध्ये शिकवते. हत्यारांना तेल लावून ठेवलं आहे. पत्त्यांचे जोड मात्र कोणालाही देऊ नयेत, जाळावेत.

३. धरणगावचं घर. हे वडिलांनी मला आणि धाकटा भाऊ भूषण याला निम्मं निम्मं ठेवलं होतं. भूषण, त्याची बायको कोकिळा आणि मुलगी मेघा तिथेच राहत. पुढच्या खोलीत भूषणचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. आज कागदावर सगळं घर माझं आहे. ते कसं झालं, हे लिहिल्याशिवाय मला सही करता येणार नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे पत्ते बसतातच. २०११ च्या आखाजीला दुपारी ओट्यावर तीन पत्तीचा डाव होता. बाकीच्यांनी पत्ते टाकले, मी आणि भूषण उरलो. माझ्याकडे तीन सत्ते होते; तीन सारख्या पानांवर फक्त त्याहून मोठी तीन सारखी पानंच चढतात. भूषण पत्ते गुडघ्याखाली दाबून गुणगुणत होता. हाती चांगलं पान आलं की तो लहानपणापासून असंच करायचा. त्याचं पान चांगलं आहे आणि माझ्यापेक्षा हलकं आहे, हे मला पहिल्या चालीलाच कळलं.

निर्माणीत सुट्टीच्या वेळी मी वीस वर्षं खेळलो. त्यात एकच गोष्ट नीट शिकलो. आपलं पान वरचढ असेल तेव्हा समोरचा पळणार नाही, एवढीच चाल करायची. फार वाढवलं तर तो भितो, कमी वाढवलं तर आपलं पान वाया जातं. मी एकदम मोठी चाल केली असती, तर भूषण घाबरून उठला असता आणि थोडक्यात सुटला असता. मी केव्हाही शो मागून पत्ते उघडायला लावू शकलो असतो. मी दोन्ही केलं नाही. त्याला झेपेल, त्याला आपणच जिंकतोय असं वाटेल, अशा चाली मोजून करत राहिलो. रोकड संपली, मोटारसायकल डावावर लागली. मग शो मागत तो म्हणाला, "भाऊ, आते मना घरना वाटा लावस. दखाड पत्ता."

मी म्हणालो, "इचार करी ले."

असं म्हटलं की तो हमखास इरेला पेटतो, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच म्हणालो.

त्याच्याकडे इस्पिकचे गुलाम, राणी, राजा निघाले. माझे तीन सत्ते पाहून तो हसला. गंमत चालली आहे असं त्याला वाटलं. माझं तोंड पाहून थांबला.

आमचा चुलतभाऊ पुना तिथेच होता. "सोड रे, भाऊ शे तुना," एवढंच तो म्हणाला. मी त्याच्याशी त्यानंतर बोललो नाही. तो राग इथे मागे घेतो.

तीन आठवड्यांनी भूषणने हक्कसोडपत्रावर सही केली. कोणत्याही कोर्टाने त्याला भाग पाडलं नसतं. शब्द दिला होता म्हणून आला. सुलक्षणा म्हणाली, "कागद फाडा." मी म्हणालो, "बघू." भूषण बायको-मुलीला घेऊन धुळ्याला गेला, दुसऱ्याच्या दुकानात रोजावर बसला, आणि २०१९ मध्ये तिथेच छातीत कळ येऊन गेला. कोकिळाने मला खांदा देऊ दिला नाही.

गेल्या वर्षी बक्षीसपत्र तयार करून तिच्याकडे गेलो. ती दारातच म्हणाली, "भाऊ, तुमचा जीव हलका व्हावा म्हणून मी ते घर घेऊ? नाही घेणार."

म्हणून धरणगावचं संपूर्ण घर पुतणी मेघा हिला देतो. ती धुळ्यात नर्स आहे. परवा तिला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आबा, घर घेईन. पहिल्याच महिन्यात विकेन. आणि तुमच्या दिवसांना आम्ही दोघीही येणार नाही."

ही अट मला मान्य आहे. त्या दोघींना येण्यासाठी कोणी गळ घालू नये.

वरील मजकूर वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांदेखत सही केली.

योगेंद्र वना पाटील

साक्षीदार:
१. बादल रूपसिंग पावरा, निवृत्त कामगार, वरणगाव
२. प्रमिलाबाई सुरेश चौधरी, शेजारी, पिंप्राळा

ठिकाण: पिंप्राळा, जळगाव
दिनांक: १९ ऑगस्ट २०२५