थोरली कोण, याबाबत

ता. ६ ऑक्टोबर

प्रिय ताई,

तू बरी असशील असं धरून चालते. मी ठीक. आईच्या गुडघ्याची सूजही आता उतरली आहे. झालं ते आधी क्रमाने लिहिते, म्हणजे फोनवर होतो तसा घोळ होणार नाही.

१. काकांनी वंशावळीतलं आपलं पान तपासायला पाठवलं. आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस. शिक्क्याच्या कागदाशिवाय ते काही लिहीत नाहीत. आपल्या दोघींसाठी त्यांनी शाळेच्या रजिस्टरचे उतारे मागवले होते.

२. त्या पानावर मी थोरली आहे, तू धाकटी.

३. मी नोंदणी कार्यालयातून दोघींचे जन्मदाखले काढले. ते बरोबर आहेत. तू बारा फेब्रुवारीची, मी पुढच्या वर्षीच्या नऊ जानेवारीची.

४. चूक शाळेची. बाबांना एकच दिवस रजा मिळाली, म्हणून त्यांनी दोघींना एकाच दिवशी एकाच वर्गात घातलं. दाखल्यांवर तेव्हा नावं नव्हती, नुसतं ‘मुलगी’; नावं बाबांनी नंतर घातली. कारकुनाने आपल्याकडे पाहिलं आणि उंच ती मोठी, असं ठरवून तुझी तारीख माझ्या नावापुढे उतरवली, माझी तुझ्या. मी तुझ्यापेक्षा चार बोटं उंच होते.

५. शाळेच्या दुरुस्तीसाठी दोघींच्या सह्या लागतात. माझी केली आहे. अर्ज सोबत आहे.

काकांना फोन केला तेव्हा ते खूश होते. “अगं, तूच थोरली निघालीस की! आता ताईला म्हणावं, वाकून नमस्कार कर.”

“काका, तुमचं पान चुकलंय.”

“मग दुसरा शिक्का आण. तोंडी मी काही छापत नाही.”

घरात हे सगळ्यांना ठाऊक होतंच. बाबा म्हणायचे, दोघी एकाच घरातल्या, काय फरक पडतो. पडला तो सहा वर्षांपूर्वी. नकाशा विभागाच्या त्या एका जागेसाठी दोघींनी अर्ज केला. एक मार्चला पंचवीस पूर्ण झालेले नकोत, अशी अट होती. कागदावर मी सतरा दिवसांनी बाहेर गेले. खरं तर बाहेर जायला हवी होतीस तू. अर्जाला मुदत पंधरा दिवसांची, दुरुस्तीला तीन महिने लागणार. आई म्हणाली, “आता उकरून काढू नका गं. एकीला तरी मिळू दे.” त्या एकीपेक्षा पदवीला माझे गुण अकराने जास्त होते. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. आज दाखवते.

मी इथे दिवसभर लोकांचे तराजू तपासते. किती चुकतो ते लिहून देते. काम वाईट नाही. पण तू डोंगरावर मोजणीच्या दुर्बिणीच्या तिपाईशेजारी उभी असलेला फोटो आईने दारासमोर लावला आहे. मीटर बघायला येणाऱ्यालासुद्धा ती सांगते, “ही आमची थोरली.” नऊ जानेवारीला तुझ्या ऑफिसातले लोक केक आणतात. त्या दिवशी आई आधी तुला फोन करते, ऑफिसात काय काय केलं ते विचारायला. मग मला. माझी तारीख तुझ्या ओळखपत्रावर, तुझ्या गळ्यात आहे, ताई. ती तुला शोभते, हे सगळ्यात वाईट.

आता वरच्या यादीत जे नाही ते. दहावीला बाईंनी नावांची आणि जन्मतारखांची यादी तपासायला दिली होती. तू दुरुस्तीचा अर्ज भरून आणलास. “सही कर ना गं, दोन मिनिटांचं काम.” मी नाही म्हटलं. तू आठवडाभर मागे लागलीस. शेवटी म्हणालीस, “पुढे अडेल कुणाचं तरी.” तरी मी केली नाही. खिडकीजवळची खाट तुझी, नवं टेबल तुझं, बाबांची पहिली हाक तुला. तेवढ्या एका रजिस्टरात मी तुझ्या आधी होते, आणि ते मला सोडवलं नाही. तू घरात कुणाला सांगितलं नाहीस. त्याबद्दलही मला तुझा राग आहे.

आणखी एक. वंशावळीसाठी या अर्जाची गरज नाही. जन्मदाखले काकांना पुरले. पान त्यांनी परवाच सुधारलं. शाळेची दुरुस्ती मला हवी आहे. तू सही केलीस तर ती तुझ्या नोकरीच्या कागदांपर्यंत जाईल, आणि निवडीच्या वेळी तुझं वय उलटलं होतं, हे कुणालाही मोजता येईल. शाळेतल्या कारकूनबाई म्हणाल्या, “बहिणीला आधी विचारा. वरून चौकशी आली तर माझ्याकडे येऊ नका.” म्हणून विचारते आहे.

सही करू नकोस, असं लिहायला तीनदा बसले. लिहवत नाही. कर, असंही लिहवत नाही. तू नाही म्हणालीस तर मला बरं वाटेल. मग सही नाकारणारी मी एकटी राहणार नाही. तू हो म्हणालीस, तर माझं काय होईल ते मला सांगता येत नाही.

अर्ज सही करून किंवा कोरा, पण परत पाठव. शाळा वीस तारखेला दिवाळीसाठी बंद होते. अठरापर्यंत उत्तर दे.

तुझी,
धाकटी