तीन सर्व्हर, तीन हौद

२ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी. होणाऱ्या टीम लीडची नोंद कुठेतरी हवी. शनिवारी एका क्लासच्या स्कॉलरशिप परीक्षेचा ऑनलाइन निकाल. निकालाची पानं झटपट देणारे तीन कॅश सर्व्हर. त्यांच्यात गर्दी वाटण्याचं काम माझं. साइट टिकली तर प्रमोशन, असं मॅनेजर प्रियंका मॅडम म्हणाल्या. म्हणजे 'बघू' म्हणाल्या. अर्थ एकच.

३ फेब्रुवारी
घरमालक धुळातात्यांच्या नातीनं, सोनालीनं, हीच परीक्षा दिली आहे. पास झाली तर बारावीपर्यंत फी माफ. अख्ख्या माण गावात पहिला निकाल तुझा, असा तिला शब्द दिला.

४ फेब्रुवारी
नियम ठरला. येणाऱ्याच्या नेटवर्कचा पत्ता बघायचा; एका पत्त्याला कायम एकच सर्व्हर. ज्युनिअर निषाद म्हणाला, मोबाइलवरच्या हजारो पोरांचा पत्ता एकच दिसतो, आळीपाळीनं वाटू. अनुभव कमी. समजावलं.

५ फेब्रुवारी
तात्यांना समजावलं, हे तुमच्या मेंढरांच्या तीन हौदांसारखंच. ते म्हणाले, एक मेंढरू गेलं की समदी त्याच्यामागंच जात्यात, काठी घिऊन हुबं ऱ्हावं लागतं. भला माणूस. कॉम्प्युटरमधलं कळत नाही.

६ फेब्रुवारी
टेस्टिंग. माझ्या फोनवर साइट उघडली. परत उघडली. टेस्टिंग पूर्ण. पौडहून एक किलो पेढे आणले, प्रमोशनचे.

७ फेब्रुवारी, शनिवार
११.०० निकाल सुरू.
११.०२ पहिला सर्व्हर शंभर टक्के. उरलेले दोन निवांत. म्हणजे दोन तृतीयांश सिस्टिम उत्तम.
११.१५ सोनाली माझ्या खोलीच्या दारात. तिच्या फोनवर नुसतं चक्र फिरतंय. तिच्याकडे बघवेना.
११.२० निषादनं फोन करून आळीपाळीच्या वाटपाची परवानगी मागितली. मोठ्या मनानं दिली.
११.२४ तिन्ही सर्व्हर सारखे. सोनाली पास. तिची आजी बानूबाई रडल्या. म्हणाल्या, विकासराव, लई उपकार झालं. मी नाही म्हटलं नाही.

९ फेब्रुवारी
टीम लीड निषाद. पेढे सोनालीच्या निकालाचे म्हणून ऑफिसात वाटले. निषादनं दोन घेतले.

१० फेब्रुवारी
तात्यांचा गुडघा धरला. पाणी पाजायला काठी माझ्या हातात दिली. एकोणीस मेंढरं, तीन हौद. या विषयातला माझा अनुभव ताजा.
सगळी पहिल्या हौदावर. एक आत पडलं.
सोनालीनं काठी काढून घेतली. म्हणाली, दादा, तुमी जरा बाजूला बसा.