टेस्टसाठी घातलेली नावं

४ ऑक्टोबर
आज पाटसजवळच्या नव्या खासगी साखर कारखान्यात वजनकाट्यावर रुजू झालो. केबिन छान आहे. खिडकीतून काट्याचा लोखंडी पाट आणि पलीकडे ऊस टाकायची गव्हाण दिसते. खोली दौंडला घेतली, येण्याजाण्याला एसटी आहे. बारावी अर्धवट सोडलेल्या माणसाला पंख्याखालची खुर्ची मिळाली ती हनुमंतदादामुळे. आई-वडिलांच्या मागे त्यानेच मला वाढवलं. या हंगामात तो मांडवगण फराट्याहून ट्रॅक्टरने इथेच ऊस आणणार आहे. काट्याचे प्रमुख जयसिंगआप्पा यांनी विचारलं, शुद्धलेखन बरं आहे का. हो म्हटलं. म्हणाले, "हितं ट्रॅक्टर चार जण चार तऱ्हेनं लिहित्यात, तू पाचवी काढू नको म्हंजी झालं."

७ ऑक्टोबर
वजनाचा प्रोग्राम करणाऱ्या सुषमा मॅडम पुण्याहून आल्या. काट्याची वायर अजून जोडलेली नाही, तरी प्रोग्राम तपासायचा होता. त्यांनी समजावलं ते नीट लिहून ठेवतो. अक्षरांच्या सलग माळेला स्ट्रिंग म्हणतात. ती फक्त मेमरीत असते, कागदावर नाही की डिस्कवर नाही. प्रोग्रामला काट्याऐवजी एक भरलेली स्ट्रिंग द्यायची. तो तिलाच काटा समजून एकेक ओळ वाचतो. प्रिंटरऐवजी दुसरी, रिकामी स्ट्रिंग द्यायची. तो तिच्यात पावत्या लिहीत जातो. समोर खरं काही नाही, हे त्याला कळत नाही. प्रोग्राम बंद केला की दोन्ही पुसल्या जातात.

ओळी मी भरल्या, एका गाडीला एक : चालकाचं नाव आणि वजन. खोटी नावं लिहायला जीव धजेना, म्हणून ओळखीचे चालक घेतले. शेजारच्या खोलीतले गेणबामामा, आणि सगळ्यात शेवटी दादा. दादाला फोन करून विचारलं. तो हसला, म्हणाला, "वजन जरा दाबून लाव, कारखान्याला कळू दे कोण आलंय."

मॅडम म्हणाल्या, चुकाही घाल. इथले काही चालक भरलेली गाडी काट्यावर असताना जागेवर बसून राहतात आणि रिकामी गाडी लावली की हळूच उतरतात. गाडी हलकी भरते आणि त्यांच्या वजनाइतका ऊस जास्त लागतो. ही चूक मी मामांच्या आणि दादाच्या ओळीत घातली. प्रोग्रामने पावतीवर लिहायचं : चालक गाडीवर नाही. पण मामांची ओळ येण्याआधीच मॅडमना निघावं लागलं. उरलेलं नंतर बघू म्हणाल्या. प्रोग्राम तसाच चालू ठेवला.

२५ ऑक्टोबर
मोळीपूजन झालं, पेढे वाटले. वायर जोडली. अजून गाड्या थोड्याच आहेत. पहिल्या गाडीचं वजन स्क्रीनवर आलं ते मी मनाने लिहिलेलं होतं. काट्याच्या डायलवरही तेच. दुसऱ्या गाडीचंही तसंच. आप्पांना सांगितलं. म्हणाले, जुळतंय तर रडतो कशापायी.

२७ ऑक्टोबर
मॅडमना फोन केला. वायर जोडली की प्रोग्राम वायरच वाचतो, स्ट्रिंगकडे बघतही नाही, असं त्या म्हणाल्या. पण गाड्या माझ्या क्रमाने येतात. आता गेणबामामांची ओळ. मामा मात्र उद्या लेकीकडे, मोनालीकडे, शिरूरला जाणार आहेत. बरं झालं.

२८ ऑक्टोबर
मामा शिरूरला गेले नाहीत. भरलेली गाडी लावली. खिडकीतून ओरडून सांगितलं, परत याल तेव्हा उतरू नका. त्यांनी हात केला. ऊस उतरवून गाडी काट्यावर आली. इंजिन चालू. सीटवर कोणी नाही. गव्हाण, यार्ड, उसाचे ढीग, सगळं शोधलं. स्क्रीनवर : चालक गाडीवर नाही.

३० ऑक्टोबर
पोलीस येऊन गेले. मामांची बायको सिंधूबाई गेटपाशी बसून आहे. पावत्यांच्या स्ट्रिंगमध्ये आज एक ओळ आली. प्रोग्राम असं काही लिहीत नाही. "आप्पा, म्या हितंच हाय. भाईर काढा." आप्पांनी ती वाचली, खुर्ची मागे सारली आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

१ नोव्हेंबर
दादाची ओळ पुसली. उपयोग नाही. मॅडम म्हणतात, प्रोग्राम सुरुवातीलाच स्ट्रिंगची आपली प्रत काढून घेतो, मूळ ओळ बदलून काही होत नाही. म्हणाल्या, मग बंद कर आणि पुन्हा चालू कर, सोपं आहे. सोपं — बंद केला तर मामा पुसले जातील. नाही केला तर दादा.

२ नोव्हेंबर
दादाला सगळं सांगितलं, येऊ नको म्हटलं. नीलमवहिनीने फोन घेऊन विचारलं, झोप लागते का भाऊजी. दादा म्हणाला, ऊस तुटून पडलाय, वाळंल. खाली करतो आन् तुला डागदरकडं नेतो. माझ्यासाठीच येतोय तो.

४ नोव्हेंबर
सकाळी माऊसवर बोट ठेवलं. खिडकीबाहेर सिंधूबाई. दाबलं नाही.

दादा आला. मी धावत जाऊन मडगार्डवर बसलो, त्याचा दंड धरला. ऊस उतरेपर्यंत सोडला नाही. तो हसत होता. म्हणाला, ल्हानपणी जत्रंत असाच धरायचास. रिकामी गाडी काट्यावर चढली. हातात दंड होता. मग नुसती बाही. मग माझी मूठ —

५ नोव्हेंबर
आता दोघंही लिहितात. मालक म्हणाले, हा प्रोग्राम आजच काढा. दार आतून लावून घेतलं. बाहेर आप्पा. वहिनीही आली आहे — तिला काय —

त्यांनी बाहेरून मेन स्विच पाडला. यूपीएस ओरडतोय, बॅटरी संपत आली. कागदावर तरी राहील म्हणून त्यांच्या ओळी उतरवून घेतो.

मामा : सिंधूला घरी धाडा.
दादा : अंधार न्हाई. पर हातपाय कुठं हायती कळंना.
दादा : बंद करू नको रं.
मामा : बंद करू नको
दादा : तू भिऊ नको. तुझं काय चुकलं न्हाई. नीलमला सांग, म्या