दोंडाईचकरांची खोली

जळगाव,
ता. ६ नोव्हेंबर १९८८

ती. भागाअक्कास,
पंडितचा सा. न. वि. वि.

मला कॉलनीत खोली मिळाली म्हणून तू पेढे वाटलेस. आता ऐक. दीड खोलीला साडेतीनशे भाडं, म्हणजे पगाराचा तिसरा हिस्सा. पाहुणा राहिला तर दिवसाला पाच रुपये वेगळे. भाजीवाला कोथिंबिरीच्या चार काड्यांचा रुपया मागतो आणि बायका मुकाट देतात. घासाघीस केली तर शेजारी काय म्हणतील! मीही देतो.

नानांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन इथे नको, धुळ्यालाच करा. आणि पोस्टकार्ड टाकू नकोस, मालकीणबाई वाचतात. आडनाव विचारलं तेव्हा मी गावावरून दोंडाईचकर सांगितलं आहे. तेवढं सांभाळून घे.

रागावलीस तरी माया असू दे.
तुझा,
पंडित


दोंडाईचा,
ता. १२ नोव्हेंबर

चि. पंडित यास,
भागाचे आशीर्वाद आणि, तुला तिथे चालत असेल तर, जयभीम.

तुझ्या पत्रात कोथिंबीर आधी आली, बाप मागून आला. नानांना सगळं वाचून दाखवलं. पाहुण्याचे पाच रुपये ऐकून ते हसले. आडनावापाशी आल्यावर पुन्हा वाच म्हणाले. मग भिंतीकडे तोंड करून एवढंच विचारलं, बठ्ठं सोडी दिनं का त्यानी? सगळं म्हणजे काय काय सोडलंस, ते तूच त्यांना सांग.

बाजार समितीत पोती वाहून त्यांनी शिकवला तो पंडित बैसाणे. हे दोंडाईचकर कोण साहेब, आम्हाला ठाऊक नाहीत. साडेतीनशेत बापही वळता करून घेतात का रे तुमच्या कॉलनीत?

सोमवारी धुळ्याला नेते आहे. यायचं तर ये. वॉर्डात पाहुण्याचे पैसे पडत नाहीत.

जीव तुटतो म्हणून लिहिलं.
तुझी,
अक्का


जळगाव,
ता. ४ डिसेंबर

ती. अक्कास,
सप्रेम जयभीम.

धुळ्याला तू चहा आणायला गेलीस तेव्हाचं सांगायचं राहिलं. नानांच्या डोळ्यावर पट्टी होती. मी पाय दाबायला बसलो. कोन शे, म्हणाले. पंडित, म्हटलं. कोन पंडित, पुरं नाव सांग, म्हणाले. सगळा वॉर्ड ऐकत होता. पंडित झिपरू बैसाणे, असं मी सांगितलं. त्यांनी पाय मागे घेतला नाही.

परत आल्यावर भाड्याच्या पावतीवर खरं नाव लिहा म्हणालो. मालकीणबाईंचं पेन थांबलं. संध्याकाळी निरोप आला, पुतण्या शिकायला येतोय, खोली रिकामी करा. चार तासांत पुतण्या जन्मला आणि कॉलेजातही गेला! मी हातगाडीवर सामान चढवत होतो तेव्हा, रोज दोन बादल्या मोजून देणाऱ्या त्या बाईंनी खोली धुवायला अख्खा नळ सोडला. डिपॉझिटमधून रंगाचे म्हणून शंभर कापले. केवढी सभ्य वस्ती!

आता ऑफिसातले शिपाई छगनभाऊ यांच्या शेजारी शंभर रुपयांत राहतो. नळावर रांग आहे, भांडणं आहेत, आणि मी भाजीवाल्याशी मनसोक्त घासाघीस करतो.

काल दारावर नाव रंगवून घेतलं. रंगारी अक्षरामागे आठ आणे घेतो. नुसतं पंडित लिहू का, स्वस्तात होईल, म्हणाला. मी नानांचं नाव आणि आडनावही घालायला लावलं. नाना आले की दाराशी उभं राहून त्यांना वाचून दाखव.

माझ्यावरची माया आटली नसेल तर लवकर या.
तुझा,
पंडित