बोल्टाखालचा रंग

४ नोव्हेंबर

मोटारसायकल आजही नाही सुरू झाली. किका मारून मारून गुडघा टम्म सुजलाय. वायर नवी, कॉइल नवी, प्लग नवा, आणि ठिणगीचा पत्ता नाही. घरात मख्ख बसणारे आता दोघे झाले.

६ नोव्हेंबर

नणंद भावाला बघायला आली होती. मोटारसायकलचं धूड बघून म्हणाली, "वहिनी, दादाला बसवणार कुठे? हँडलवर?"

मी म्हटलं, मागे बसवीन, पट्ट्याने बांधीन, पण घराबाहेर काढीन!

झटका आल्यापासून ह्यांची उजवी बाजू लुळी. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाई म्हणतात, पायात जोर आलाय, मनात नाही. हे खुर्चीत बसून समोरच्या भिंतीकडे बघतात. चार शब्द बोलले तर दिवाळं निघेल जणू! ही गाडी म्हणजे एके काळी ह्यांचा जीव. तिचा आवाज ऐकून मान तरी वळवतील, एवढ्यासाठी हा उपद्व्याप मांडलाय.

८ नोव्हेंबर

गॅरेजवाला येऊन प्लग बघून गेला. म्हणे, काकू, विकून टाका, शोभेला ठेवणारे घेतात. त्याला म्हटलं, शोभेला ठेवायला घरात माणसं आहेत.

रंगाला मात्र नाव ठेवू शकला नाही. सगळी चासी, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, सुटी करून, गंज घासून हिरवा रंग दिलाय मी, कानाकोपरा न सोडता. हे रंगवायचे तेव्हा ओघळ यायचे. माझा एक ओघळ दाखवा!

१० नोव्हेंबर

बाजारातून आले, गाडी ठेवलेल्या मागच्या खोलीत गेले, तर पाना जमिनीवर! माझ्या खोलीत पाना जमिनीवर! आणि सीटखाली, अर्थिंगची वायर जिथे चासीला आवळलीय, त्या बोल्टाभोवतीचा रंग खरवडलेला. गॅरेजवालाच पुन्हा येऊन गेला असणार, मागचं दार उघडंच होतं. ह्यांना विचारलं, कोण आलं होतं?

रागारागाने किक मारली — आणि सुरू झाली! तावदानं थरथरली. मी तशीच धावत आत गेले.

हे भिंतीकडे बघत होते.

गाडी बंद केली. भांडी आपटून घासली.

१२ नोव्हेंबर

बोल्ट काढून तिथे रंगाचे दोन हात दिले. आता कुणाला सांगूनही ओळखू येणार नाही. मग गॅरेजवाल्याला जाऊन सुनावलं. म्हणे, शपथेवर सांगतो, मी परत आलोच नाही. खोटारडा.

१३ नोव्हेंबर

पुन्हा मेली. ठिणगी नाही.

१४ नोव्हेंबर

तेच.

१५ नोव्हेंबर

सकाळी डोक्यात प्रकाश पडला. चालू होती तेव्हा आणि आता, यात बदललं काय? फक्त तो रंग! वायरने गेलेल्या विजेला परत यायला उघडं लोखंड लागतं, आणि मी नेमकं तेच झाकलं. दोनदा! स्वच्छतेची हौस!

म्हणजे खरवडणाऱ्याला हे ठाऊक होतं. गॅरेजवाल्याला ठाऊक असतं तर त्याने विकायला का सांगितलं असतं?

दुपारी ह्यांची नखं कापायला बसले. उजवा हात झाला. डावा देईनात. ओढून घेतला. अंगठ्याच्या नखात खोलवर हिरवा रंग.

पाना वापरून जमिनीवर टाकायची खोड या घरात एकाचीच. आयुष्यभर त्यावरून भांडले, आणि ओळखला नाही!

मागच्या खोलीला दोन पायऱ्या आहेत. एकट्याने उतरायचं नाही, पडलात तर मी उचलणार नाही, असं मीच दरडावलेलं. हे उतरले. चढले. भिंत धरून, त्या पायाने.

विचारलं, सांगितलं का नाही?

म्हणाले, "ओरडशील."

नखं कापून झाली. ओरडले नाही. जमेना.

१६ नोव्हेंबर

रंग मी खरवडला नाही. पाना आणि पॉलिशपेपर गाडीच्या सीटवर नीट मांडून ठेवले. मोठ्याने सांगितलं, बाजारात जातेय, वेळ लागेल.

परत आले. पाना जमिनीवर होता. उचलला नाही.