खुर्चीवर बसून चालेल का

हॅम्बर्ग

ती. आईस,

मी ठीक आहे, वेळेवर जेवतोय. तुझी शुगर कशी आहे?

बेसबॉलचा सीझन संपला आणि माझं खेळणंही. इतकी वर्षं कॅचर म्हणून बॅट्समनच्या मागे उकिडवं बसून गुडघे झिजलेत, एवढंच. क्लबनं दुसरा कॅचर घेतलाय. चांगला आहे, मीच शिकवतोय त्याला.

बाबांच्या वर्षश्राद्धाला येतोय. गुरुजींना विचारून ठेवशील, खुर्चीवर बसून चालेल का? नाही म्हणाले तर धाकट्याला, वेदांतला बसव. काका बोलतील, बोलू देत.

आणि दारात आल्यावर तुझ्या पाया पडलो नाही, तर रागावू नकोस. खाली वाकता येतं गं, परत उठता येत नाही. म्हणून नमस्कार इथूनच करून ठेवतो.

तुझा,
अनिमेष