मी एवढंच म्हणाले, ‘गेल्या’

प्रिय महामाया,

तुझ्या लग्नानंतर मी तुला पत्र लिहिलंच नाही. फोनवरच भागत आलं. पण आज जे सांगायचं आहे ते फोनवर अर्धं सांगून अर्धं गिळलं असतं, म्हणून कागद घेतला. शेवटपर्यंत वाच, मग मला काय म्हणायचं ते म्हण.

त्या मंगळवारी साडेअकराला अंगणवाडीत चौदा लेकरं होती. मी रजिस्टर भरत होते, तुझी आई गॅसवरची खिचडी ढवळत होती. आधी नुसती घरघर ऐकू आली. मला वाटलं, सोनाळ्याच्या रस्त्यानं मुरमाचा ट्रक आला असेल. मग भांडी वाजू लागली, भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता खाली पडला आणि पायाखालची फरशी सरकली. आयुष्यात पहिल्यांदा भूकंप अनुभवत होते. धरायला म्हणून भिंतीवर हात ठेवला तर भिंतही थरथरत होती.

आणि मी पळाले. कोणाचा हात धरला नाही, कोणाला हाक मारली नाही. दाराशी एक लेकरू उभं होतं, त्याला बाजूला सारून मी बाहेर पडले. कोणाचं ते, हे मला आजही आठवत नाही. लिंबाखाली पोहोचले तेव्हा हातात पेन तसंच होतं. आतून तुझ्या आईचा, गोजरमावशींचा, आवाज येत होता, “चला रे, बाहीर चला, ताईजवळ जा!” ताईजवळ! एकेक करून लेकरं माझ्याकडे धावत आली, माझ्या साडीला बिलगली. बशीरभाईंची महनूर तेवढी राहिली होती, टेबलाखाली जाऊन बसलेली. मावशी तिच्यासाठी परत आत गेल्या. तेव्हाच छताच्या गिलाव्याचा मोठा पोपडा सुटून त्यांच्या खांद्यावर पडला. तरी महनूरला कडेवर घेऊनच बाहेर आल्या. ती काही केल्या रडायची थांबेना, म्हणून तिला तशीच घेऊन गावाच्या त्या टोकाला तिच्या घरी निघाल्या.

तेवढ्यात सरपंच रंगरावभाऊ आणि मागे सगळं गाव धावत आलं. त्यांना काय दिसलं? लिंबाखाली मी, अंगाला लेकरं चिकटलेली, एक कडेवर. बाया रडत माझ्या पाया पडायला लागल्या. रंगरावभाऊंनी विचारलं, “मदतनीस कुठी हाय?” मी म्हणाले, “गेल्या.” एवढंच. शब्द खोटा नव्हता, महामाया. पण कोणीतरी लगेच म्हणालं, “पाहा, जीव घेऊन पळाली!” तेव्हा मी खाली मान घालून कडेवरच्या लेकराचं नाक पुसत राहिले. बौद्धवाड्यातल्या तुझ्या आईबद्दल लोकांना हे इतकं चटकन का पटलं, ते तुला मी सांगायला नको. ते मलाही ठाऊक होतं. ठाऊक असूनच गप्प राहिले.

चार दिवसांनी ग्रामपंचायतीत माझा सत्कार झाला. मावशी मागे, बायांच्याही मागे बसल्या होत्या. बशीरभाईंना खरं माहीत होतं. ते उठून काही बोलायला लागले, तर मावशींनीच हातानं खूण करून त्यांना बसवलं. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यापुढे रडले. तांदूळ निवडता निवडता त्या म्हणाल्या, “तू भेली होती, पोरी. मानूस भेते. तुही नोकरी गेली तर म्हाताऱ्या बापाले कोन पाह्यते?” मला बरं वाटलं. बरं वाटलं, याचीच आता जास्त लाज वाटते. आपण दोघी शाळेतून आलो की याच बाईनं आपल्याला एका ताटात जेवू घातलंय गं.

काल दुपारी तुझा फोन आला तेव्हा मी त्यांच्या शेजारीच बसले होते. गावातल्या कोणीतरी तुला सांगितलं होतं. तू ओरडत होतीस, “आई, लहान लहान लेकरं सोडून तू पळाली? मले इथं दवाखान्यात ड्युटीवर तोंड दाखवाची लाज वाटून राह्यली!” मावशींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. वाटलं, आता सांगतील. पण त्या म्हणाल्या, “हाव, पळाली.” तू फोन ठेवलास. त्या पदरानं डोळे पुसून उठल्या आणि एका हातानं खिचडीचं भांडं घासायला बसल्या. दुसरा हात अजून वर उचलत नाही, हेही त्यांनी तुला कळू दिलेलं नाही. म्हणून हे पत्र. आज सकाळी रंगरावभाऊंना सगळं सांगून आले, पर्यवेक्षिकाबाईंना लेखी दिलं, सोमवारी लेकरांच्या आयांपुढे उभी राहून बोलणार आहे. नोकरीचं जे व्हायचं ते होईल. पण ज्या मुलीला शिकवण्यासाठी त्या माउलीनं जन्मभर भांडी घासली, तिच्यासमोर माझ्यासाठी ती भेकड ठरली, हे माझ्यानं सोसवत नाही. पळाले ते मी. तू सुट्टी काढून ये, आईचा खांदा बघ. माझ्याकडे आली नाहीस तरी चालेल.

तुझीच, तू म्हणू दिलंस तर,
रेणुका